विमानतळावरील हस्तकलेचे दुकान : किंमत, खंड आणि कारागिराचा वाटा

विमानतळावरील सुरक्षा तपासणी आटोपून आत गेलेल्या प्रवाशाजवळ बहुधा अर्धापाऊण तासाचा अवधी उरलेला असतो. कामानिमित्त गेलेल्या शहरात बाजार पाहण्यास सवड मिळालेली नसते, आणि परगावाहून रिकाम्या हाताने घरी परतणे आपल्याकडे प्रशस्त मानले जात नाही. अशा वेळी समोर हस्तकलेच्या वस्तूंचे दुकान दिसते. लाखेच्या रंगांत रंगविलेला लाकडी घोडा हाती घेऊन प्रवासी किमतीची चिठ्ठी पाहतो, क्षणभर थबकतो आणि तो विकत घेतो. वस्तू महाग असली तरी पैसा निदान कारागिराच्या हाती जातो, असे समाधान तो मनाशी बाळगतो. हे समाधान कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या एका व्यवहारात मागणीची लवचिकता, खंड, करभार, माहितीची असममितता आणि खेळते भांडवल या अर्थशास्त्रीय संकल्पना एकत्र येतात. परीक्षेच्या दृष्टीने त्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा एकाच उदाहरणात त्यांचा परस्परसंबंध पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

बंदिस्त बाजारातील मागणी

एखाद्या वस्तूची मागणी किती लवचिक असेल हे मुख्यतः तीन बाबींवर अवलंबून असते : पर्यायी वस्तूंची उपलब्धता, निर्णयासाठी मिळणारा वेळ आणि ग्राहकाच्या उत्पन्नात त्या खर्चाचे प्रमाण. विमानतळाच्या आतील भागात या तीनही बाबी विक्रेत्यास अनुकूल असतात. प्रवाशाला बाहेर जाऊन दुसरे दुकान पाहता येत नाही, वेळ मोजका असतो, आणि तिकिटावर काही हजार रुपये खर्च केलेल्या माणसाला हजार रुपयांची वस्तू फार मोठी वाटत नाही. त्यातही ही खरेदी स्वतःसाठी नसून दुसऱ्याला देण्यासाठी असते. भेटवस्तूवर खर्च होणारी रक्कम आणि ती वस्तू मिळणाऱ्याला वाटणारे तिचे मूल्य यांत तफावत असते, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी 1993 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. त्यांचे मोजमाप वादग्रस्त ठरले. परंतु देणारा स्वतःच्या उपभोगाचे गणित मांडत नाही, एवढा मुद्दा येथे पुरेसा आहे.

तथापि ही मागणी पूर्णतः अलवचिक आहे असे समजणे चुकीचे होईल. प्रवासी काहीच न घेता जाऊ शकतो, किंवा शेजारच्या दुकानातून चॉकलेटचा डबा घेऊ शकतो. म्हणूनच काय विकावे याची निवड दुकानदार फार काळजीपूर्वक करतो. सामान आधीच विमान कंपनीच्या स्वाधीन झालेले असते. हातातील पिशवीला देशांतर्गत प्रवासात सर्वसाधारणपणे 7 किलोची मर्यादा असते. धारदार वस्तू विमानात नेता येत नाहीत. परिणामी पितळेची समई, अडकित्ता, बाँकुऱ्याचा हातभर उंचीचा मातीचा घोडा यांना या दुकानात फारसे स्थान मिळत नाही. लहान, हलक्या आणि न फुटणाऱ्या वस्तूच तेथे टिकतात.

आणखी एक गाळणी याहून सूक्ष्म आहे. समजा, मूळ गावी एक साधे खेळणे 200 रुपयांस आणि एक नक्षीदार खेळणे 600 रुपयांस मिळते. किमतींचे प्रमाण एकास तीन. विमानतळावर फळीवरील जागेपोटी प्रत्येक नगावर 400 रुपयांचा बोजा पडला, तर किमती अनुक्रमे 600 आणि 1,000 रुपये होतात, म्हणजे प्रमाण तीनास पाच. महाग वस्तू आता तुलनेने स्वस्त झाली. स्थिर वाहतूक खर्चामुळे उंची माल दूरच्या बाजारात जातो आणि साधा माल मागे राहतो, हा आल्चियन आणि अॅलन यांच्या 1964 मधील पाठ्यपुस्तकातून रूढ झालेला सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. याचा अर्थ असा की, विमानतळाचा बाजार गावातील सर्व कारागिरांसाठी खुला होत नाही. भवरे, खुळखुळे घडविणारा सामान्य कारागीर त्या फळीपर्यंत पोहोचतच नाही.

जागेचा खंड

विमानतळावरील वस्तू महाग का, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'कारण तेथे भाडे फार असते' असे दिले जाते. डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये धान्याच्या बाबतीत केलेले विवेचन ध्यानात घेतले तर कार्यकारणभाव उलटा आहे. बंदिस्त प्रवासी जास्त किंमत मोजण्यास तयार असतात, म्हणून त्या जागेसाठी स्पर्धा होते, आणि स्पर्धेतून भाडे चढते. जागेचा पुरवठा जवळजवळ स्थिर असल्यामुळे वाढीव किमतीचा मोठा भाग खंडाच्या रूपाने जागेच्या मालकाकडे जातो.

विमानतळावरील दुकानाचा करार साधारणतः निविदेतून होतो. उलाढालीचा ठरावीक हिस्सा किंवा किमान हमी रक्कम, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती दुकानदाराने द्यावयाची, अशी त्याची सर्वपरिचित रचना असते. विमानतळाच्या दृष्टीने हे विमानसेवेतर उत्पन्न होय. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण अधिनियम 2008 अन्वये स्थापन झालेले प्राधिकरण मोठ्या विमानतळांचे दर ठरविते. 2016 च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने त्यासाठी 'हायब्रिड टिल' ही पद्धत स्वीकारली. तीनुसार विमानसेवेतर उत्पन्नाचा 30 टक्के भाग विमानसेवेचे दर कमी ठेवण्यासाठी हिशेबात धरला जातो. शिवाय 2006 मध्ये खाजगी भागीदारीत दिलेल्या दिल्ली व मुंबई विमानतळांच्या करारांत चालक कंपनीने आपल्या महसुलाचा अनुक्रमे 45.99 टक्के व 38.7 टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणास देण्याचे ठरले. थोडक्यात, घोड्याच्या किमतीतील काही अंश पुढच्या प्रवाशाचे शुल्क हलके करतो, तर काही सार्वजनिक प्राधिकरणाकडे जातो. यात गैर काही नाही. मात्र तो अंश कारागिराकडे जात नाही.

काल्पनिक आकडे घेऊन हे स्पष्ट करता येईल. खेळण्याची छापील किंमत 1,050 रुपये आहे आणि वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे असे मानू. कर वजा जाता 1,000 रुपये उरतात. विमानतळाचा हिस्सा 30 टक्के धरल्यास 300 रुपये तेथे गेले. विक्रेत्यांचे पगार, न खपलेला माल, वेष्टन आणि नफा मिळून दुकानदाराकडे 300 रुपये राहिले. माल गोळा करून पुरविणाऱ्या व्यापाऱ्याकडे 150 रुपये गेले आणि कारागिराला 250 रुपये मिळाले. त्यातून लाकूड, लाख, वीज यांचे 100 रुपये वगळले, तर दीडशे रुपये ही त्याची मजुरी. हेच खेळणे गावाजवळच्या महामार्गावरील दुकानात 450 रुपयांस विकले गेले, तरीही कारागिराला मिळणारी रक्कम बहुधा 250 रुपयेच असते. कारण ती किंमत विमानतळावर ठरत नाही. त्या गावात किती कारागीर आहेत, किती खरेदीदार आहेत आणि कारागिराला दुसरे काम मिळण्याची शक्यता किती, यांवर ती ठरते.

कराच्या बाबतीतही असेच घडते. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचा 12 टक्क्यांचा टप्पा रद्द झाला आणि बहुतेक हस्तकला वस्तू 5 टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. वरील खेळण्याची छापील किंमत 1,050 रुपयेच ठेवली असे समजल्यास, करपूर्व रक्कम 937.50 रुपयांवरून 1,000 रुपये होते. या 62.50 रुपयांपैकी 30 टक्क्यांच्या हिशेबाने 18.75 रुपये आपोआप विमानतळाकडे जातील आणि उर्वरित प्रथम दुकानदाराच्या हाती येतील. स्पर्धेच्या बाजारात हा लाभ ग्राहकाकडे सरकतो. बंदिस्त बाजारात तो पुढील निविदेतील वाढीव बोलीत विरघळण्याचा संभव अधिक. करकपातीचा लाभ कोणाला, हे कायद्यापेक्षा मागणी व पुरवठ्याची लवचिकता ठरविते, हे विधान विद्यार्थ्यांनी या उदाहरणासह लक्षात ठेवावे.

चन्नपट्टणचे खेळणे आणि 'हस्तनिर्मित' शब्दाचा अर्थ

बंगळुरूहून म्हैसूरकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे 60 किलोमीटर अंतरावर चन्नपट्टण हे गाव लागते. तेथील लाकडी खेळण्यांसाठी परंपरेने आले मर या झाडाचे पांढरट, मऊ लाकूड वापरले जाते. मराठीत या झाडास काळा कुडा म्हणतात. लाकूड वाळवून त्याचे तुकडे चरकावर फिरविले जातात आणि पटाशीने त्यांना आकार दिला जातो. नंतर रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. शेवटी केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते. कुंचल्याचा वापर जवळजवळ नसतोच. कोकणातील सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना दोन परंपरांतील हा फरक सहज जाणवेल.

आता चरक बहुतेक ठिकाणी विजेवर चालतो. मग ही वस्तू हस्तनिर्मित म्हणावी काय? उत्पादन शुल्काच्या एका प्रकरणात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासाठी दोन कसोट्या सांगितल्या : वस्तू प्रामुख्याने हाताने घडविलेली असावी, त्यात काही यंत्राचा वापर झाला तरी चालेल, आणि अलंकरण, जडावकाम यांसारख्या कलात्मक कामामुळे तिला दृश्य सौंदर्य प्राप्त झालेले असावे. ही व्याख्या व्यवहार्य आहे. कारागिराच्या पाठीवरचा भार मोटारीने हलका केला म्हणून त्याची कला कमी होत नाही. यंत्राला सरसकट विरोध करणारी शहरी हौस कारागिराला पुष्कळदा महागात पडते.

मात्र यंत्राने उत्पादकता वाढते ती काही टप्प्यांतच. लाख चढविणे, डोळे-कान जुळविणे यांस लागणारा वेळ पूर्वीइतकाच राहतो. इतर क्षेत्रांत उत्पादकता आणि वेतन वाढत असता ज्या कामात वेळ वाचविता येत नाही, ते काम सापेक्षतः महाग होत जाते, हे विल्यम बॉमोल यांनी 1960 च्या दशकात नाट्य-संगीताच्या संदर्भात दाखविले. बंगळुरूच्या परिसरातील कारखान्यांत आणि सेवाक्षेत्रांत मजुरी वाढली की चन्नपट्टणच्या तरुणाला चरकावर बसण्याची किंमत कळते. कारागिराचा वाटा वाढला नाही तर हस्तकलेचा ऱ्हास ग्राहकांअभावी होणार नाही. तो कारागीर न उरल्यामुळे होईल.

माहितीची असममितता

फळीवरचा घोडा चन्नपट्टणच्या चरकावर घडला की दूरच्या कारखान्यात, हे अर्ध्या तासात ओळखणे प्रवाशाला अशक्य असते. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते. अशा बाजारात ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो, त्यामुळे चांगला माल परवडेनासा होतो आणि निकृष्ट माल उरतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सिद्ध केले. अॅकरलॉफ, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांना 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक माहितीच्या असममिततेवरील संशोधनासाठीच मिळाले. यावर उपाय म्हणजे विश्वसनीय संकेत.

भारतात हा संकेत देण्याचे मुख्य साधन म्हणजे वस्तूंचे भौगोलिक उपदर्शन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम 1999. तो 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. नोंदणी कार्यालय चेन्नई येथे आहे. नोंदणी 10 वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. परीक्षार्थींच्या उत्तरांत येथे एक चूक वारंवार आढळते. भौगोलिक मानांकन कोणा एका व्यक्तीच्या मालकीचे नसते. उत्पादकांची संघटना किंवा शासकीय संस्था नोंदणीकृत स्वामी असते आणि प्रत्यक्ष वस्तू घडविणाऱ्याला 'प्राधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. वस्तूला मानांकन मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, तिचा गौरव होतो. परंतु गावातील किती कारागीर प्राधिकृत वापरकर्ते झाले, हे क्वचितच विचारले जाते. खरे तर तोच मुख्य प्रश्न आहे.

या नोंदणीचे मोल खेळण्यांच्या बाबतीत अगदी ठोस आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश 2020 नुसार 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह अनिवार्य झाले. चाचण्यांचा खर्च चरकावरच्या कारागिराला झेपणारा नव्हता. आदेशात दुरुस्ती करून विकास आयुक्त (हस्तव्यवसाय) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना, तसेच भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत स्वामी व प्राधिकृत वापरकर्ते यांना सूट देण्यात आली. ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, त्याला मात्र या सुटीचा आधार घेता येत नाही.

मानांकनाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ते नावाचे आणि उगमस्थानाचे रक्षण करते, आणि तेही देशाच्या हद्दीत. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपूर असे आठ जिल्हे येतात. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला सादर केल्या तेव्हा भारतात मोठी टीका झाली आणि कंपनीने भारतीय परंपरेचा प्रभाव मान्य केला. कोल्हापुरी हे नाव तेथे वापरलेले नसल्याने केवळ मानांकनाच्या बळावर दाद मागणे कठीण होते.

काश्मिरी पश्मिन्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे धाग्याची जाडी, हातकताई आणि हातविणाई या बाबी प्रयोगशाळेत तपासता येतात आणि श्रीनगर येथील केंद्रात तपासणी होऊन शालीला चिठ्ठी लावली जाते. यंत्रावर कातताना नाजूक तंतू तुटू नये म्हणून त्यात नायलॉन मिसळण्याची रीत आहे, त्यामुळे फरक सूक्ष्मदर्शकाला दिसतो. लाकडी घोड्याला अशी सोपी परीक्षा नाही.

उधारीचा भार

कारागिराचा वाटा किती, याइतकाच तो केव्हा मिळतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. किमान हमी रकमेमुळे दुकानदारावर मोठी जोखीम असते. प्रवासी आले नाहीत तरी रक्कम द्यावीच लागते. 25 मार्च ते 24 मे 2020 या काळात देशांतर्गत प्रवासी विमानसेवा पूर्णतः बंद होती, तेव्हा या जोखमीचे स्वरूप सर्वांनाच दिसले. ही जोखीम दुकानदार शक्य तितकी मागे ढकलतो. माल ठेवून जा, विकला गेल्यावर पैसे देऊ, न खपल्यास परत घेऊन जा, ही पद्धत त्यातून येते. म्हणजे श्रीमंत बाजारपेठेतील फळीवर मांडलेल्या मालात भांडवल अडकते ते गरीब कारागिराचे. लाकूड आणि लाख त्याला रोखीने घ्यावी लागते. मग तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि पुढचा माल त्यालाच, त्याने सांगितलेल्या भावाने देण्यास बांधला जातो. आधीच्या उदाहरणातील 250 रुपये ठरतात ते येथे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे; विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खर्च म्हणून त्या वर्षी वजा करता येणार नाही, अशी तरतूद वित्त अधिनियम 2023 ने प्राप्तिकर कायद्यात केली. परंतु माल केवळ विक्रीसाठी ठेवून घेतला असेल तर खरेदी नेमकी केव्हा झाली, हाच वादाचा विषय होतो. लेखी करार नसलेला, उद्यम नोंदणी नसलेला कारागीर या वादात उतरतच नाही.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणाऱ्यांचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि विनातारण कर्ज पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपये, 5 टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. अवजारांपेक्षा हे कर्ज महत्त्वाचे मानावे लागेल, कारण त्यामुळे कारागिराला उचल घेण्याची आणि पडत्या भावात माल देण्याची गरज कमी होते.

'अवसर' आणि तिच्या मर्यादा

खंडाचा प्रश्न थेट हाताळणारा प्रयत्न म्हणून भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या 'अवसर' उपक्रमाचा उल्लेख करावा लागेल. 2022 मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात प्राधिकरणाच्या विमानतळांवर 100 ते 200 चौरस फूट जागा बचत गटांसाठी राखून ती पाळीपाळीने 15 दिवसांसाठी दिली जाते. चेन्नई, आगरतळा, उदयपूर, मदुराई, बेळगावी इत्यादी ठिकाणी आरंभी ही सोय झाली. जागा निविदेतून बाहेर काढल्यामुळे आपल्या उदाहरणातील 300 रुपयांचा खंड सोडून दिला जातो, आणि दुकानदार व व्यापारी हे दोन्ही दुवे वगळले जातात. हे एक प्रकारचे अनुदानच आहे. अर्थसंकल्पात ते दिसत नाही एवढेच.

पण दुवे वगळले तरी त्यांची कामे उरतात. पहाटेच्या विमानापासून रात्रीच्या विमानापर्यंत कोणीतरी उभे राहावे लागते, प्रवेशपत्रासाठी पडताळणी करून घ्यावी लागते, मालाची प्रत्येक खेप तपासणीतून न्यावी लागते, आणि या काळात गटातील स्त्रियांचे घडविण्याचे काम थांबते. विमानतळापासून दूरच्या गावातील गटाला राहण्याचा खर्चही येतो. पंधरवड्यात हातखंडा बसू लागतो, कोणती वस्तू खपते ते कळू लागते, तोच पाळी संपते. उरलेला माल बांधून परत न्यावा लागतो. सहा महिन्यांनी तोच प्रवासी पुन्हा आला तर त्या जागी दुसरा गट आणि दुसरा माल असतो. पहिल्या गटाकडे पोहोचण्यासाठी त्याच्याजवळ असलाच तर वेष्टनावर छापलेला एक पत्ता असतो.